केझियाच्या गळ्यातल्या घंट्या

मी एक लोखंडी गळपट्टा. माझी मलाच शिसारी येते, तेव्हा माझी कीव करू नका.

अमेरिकेतल्या केंटकीत, ओहायो नदीच्या अलीकडे, टॉलिव्हरचा तंबाखूचा मळा होता; नदीपलीकडे गुलामी नव्हती. केझिया तिथली गुलाम धोबीण. रानात लपून प्रार्थना करताना ती सापडली. टॉलिव्हर स्वतः चर्चचा कारभारी! तरी प्रार्थनेची शिक्षा म्हणून त्याने मला घडवून घेतलं, तेही तिच्याच नवऱ्याकडून, आयसम लोहाराकडून.

माझ्यावर तीन घंट्या होत्या. ती हलली की वाजायच्या. टॉलिव्हर जेवताना कान देऊन ऐके, हाडं चोखत हसे. हनुवटीवरून चरबी ओघळे. मला ओकता आलं असतं तर!

मला बसवताना तो म्हणाला, "नीट ठोक. बायकोची मान म्हणून हात आखडू नकोस."

आयसमने ठोकलं. मालक वळताच तो पुटपुटला, "खिळा शिशाचा आहे, मऊ. रविवारी काढतो. तू नदीपलीकडे जा."

"आणि तू?"

"घंट्या थांबल्या तर मुकादम धावत येईल. कुणीतरी वाजवायला नको?"

"मी एकटी नाही जायची."

"पुढच्या आठवड्यात मालक विकणार आहे तुला. मग कुठे शोधू? पलीकडे असलीस तर येता तरी येईल."

"देव तिकडेही ऐकेल ना माझं?"

"घंट्यांशिवाय जास्तच नीट ऐकू येईल त्याला."

रविवारी मालक चर्चला गेला. केझिया तंबाखूच्या रोपांत शिरली. धुण्याच्या खोपटात आयसम मला हलवत कपडे घासत राहिला.

मुकादम ओसरीवरून ओरडला, "जोरात घास गं!"

आयसमने मला आणखी जोरात हलवलं. जन्मात एवढं एकच चांगलं काम माझ्याकडून झालं.

संध्याकाळी तो पकडला गेला. मग मी त्याच्या गळ्यात, या वेळी लोखंडी खिळ्याने. चार वर्षं. त्याची कातडी माझ्या कडेला चिकटे, माशा घोंगावत. आणि टॉलिव्हर शेजारीच उभा राहून पाहुण्यांना स्तोत्रं ऐकवी.

उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली. आयसमने मला कानशीने कापलं. केझिया होडीतून परत आली. त्याच्या मानेवरच्या वळावरून ती कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिली.

"लोखंड चांगलं आहे," तो म्हणाला. "कुदळ करतो याची."

"त्या कुदळीनं पिकलेलं मी नाही खाणार."

तिने मला काठीने उचललं, हात लावला नाही, आणि डुकरांच्या चिखलात भिरकावलं. मग दोघं होडीकडे चालू लागली.

मी अजून तिथेच आहे. खणताना सापडलो तर धुऊ-पुसू नका, काचेत मांडू नका. गंज मला खातोय. खाऊ द्या.