पायांवरचं पाणी

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि उदगीरकडच्या आमच्या गावाला पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. ख्रिस्ती वस्तीचा आड आटला होता. नाताळच्या पंगतीला भात शिजवायचा तर सहा घागरी पाणी हवं होतं. टँकरच्या वाट्यातून मागं टाकलेल्या चारच होत्या.

गावात पाणी असलेली विहीर एकच, शेषेराव पाटलांची. तिच्यावर आम्हाला कधीच चढू दिलं नव्हतं. पण नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही गाणी म्हणत घरोघर फिरायचो, तेव्हा त्यांच्या अंगणात दरवर्षी आमचा मान व्हायचा. पाटलीणबाई, म्हणजे पार्वतीबाई, प्रत्येकाच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायच्या आणि मग आम्ही गायचो.

मी तेव्हा लातूरला बी.एस्सी. करत होते. त्या दुपारी निघताना मी माणसं मोजली. चोवीस.

"काकू," मी चुलतीला, साखराबाईला म्हणाले, "चोवीस तांबे म्हणजे भरून दोन घागरी होतात."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आण मग घागरी."

पाटलांच्या ओसरीवर जिल्ह्याहून आलेले दोन पाहुणे चहा पीत होते. पार्वतीबाईंनी तांब्या वाकवला तसा साखराबाईनं पाय मागं घेतला आणि घागर पुढं सरकवली.

"आवंदा पायावर नको, पाटलीणबाई. हितं घाला. पंगतीच्या भाताला व्हईल."

पार्वतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

शेषेराव हसले. "साखरा, मान पायावर असतो. घागरीत घातलं की भीक झाली. उद्या सगळा गाव दारात यील."

"भीक म्हना, मालक. पानी तेवढंच लागतंय. थेंब ज्यादा न्हाई."

"घाल गं पायावर."

पार्वतीबाईंनी पाणी ओतलं. साखराबाई बाजूला झाली. पाणी मातीत पडलं आणि जिरलं. तिच्यामागची भामाबाईही सरकली.

"घाल," पाटील म्हणाले. आता ते हसत नव्हते.

रांगेत अकरावी मी होते. मीही सरकले. चोवीसच्या चोवीस तांबे त्यांनी भुईवर ओतायला लावले. पाहुणे चहा पीतच होते.

"झाला मान. गा आता."

"आमच्या पायावर काय पडलंय?" साखराबाई म्हणाली. "पानी भुईनं पिलं. तिलाच गाया सांगा."

रिकाम्या घागरी उचलून आम्ही निघालो. ढोलकीवर कुणी थाप मारली नाही.

दुसऱ्या दिवशी चार घागरींत लेकरांपुरता भात झाला. मोठी माणसं चर्चच्या पायऱ्यांवर फुटाणे खात बसली. माझ्याही ओंजळीत साखराबाईनं मूठभर टाकले, पण माझे आवळलेले दात काही केल्या सुटेनात.