खाली येणारे बुरूज

केशरचा राग तीन पावसाळे जुना होता आणि अजून वाळला नव्हता.

सुपे तालुक्यात दिग्गीच्या अलीकडं, दोन ओढ्यांच्या बेचक्यात, आठ घरांची वाडी. केशरचा नवरा उमाजी त्या वाडीचा बुधवंत. देवापुढं गाऱ्हाणं त्यानं घालायचं, भांडण त्यानं मिटवायचं, वाडीचा शब्द बाहेरच्या माणसाला त्यानं द्यायचा. मऊ माणूस. पायाखाली मुंगी आली तर पाय उचलून उभा राहील आणि मुंगी गेल्यावरसुद्धा थोडा वेळ तसाच राहील.

ओढ्याकाठची भातखाचरं सुपाएवढी. पोट भरायचं ते डोंगराच्या उतारावरच्या नाचणीनं. एका उतारावरच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, जाळायच्या, मिरगाला त्या राखेत नाचणी टाकायची. ही कुमरी. दोन वर्षं पीक घेतलं की उतार सोडून द्यायचा आणि बारा वर्षं तिकडं कोयता न्यायचा नाही. असे सात उतार होते वाडीचे. एक जागता आणि सहा निजलेले. खालच्या मुलखात कुमरी कधीच बंद पाडली होती सरकारनं. ह्या कोपऱ्यात चुकून राहिली होती.

आणि निजलेल्या उताराचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही वाडीची रीत. दमून निजलेल्याला कोण हाक मारतं? गाऱ्हाण्यात वाडीची शीव, म्हणजे हद्द, सांगतानाही उमाजी जागत्या उताराचं नाव घ्यायचा आणि निजलेल्यांच्या जागी नुसता श्वास सोडायचा. सहा उतार, सहा श्वास. ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळायचं कुठला श्वास म्हणजे कुठलं रान.

तीन वर्षांमागं मोजणीचा कारकून आला. "तुमची शीव सांगा," म्हणाला. उमाजीनं अंघोळ केली, पूर्वेला तोंड करून हात जोडले आणि देवापुढं सांगावी तशी सांगितली. तेव्हा जागता होता त्या उंबरीच्या उताराचं नाव घेतलं, सहा श्वास सोडले. कारकुनानं नाव लिहिलं. श्वास कोण लिहितंय? सहा उतार बेवारस ठरले, सरकारचे झाले. त्यांच्या कडेनं हद्दीच्या खुणेचे दगडांचे बुरूज उभे राहिले, हरेकावर चुन्यानं आकडा.

तेव्हापासून उंबरीच्या एकट्या उतारावर आठ घरांचं पोट. त्याला निजवायचं कसं? तिसऱ्या वर्षी नाचणी गुडघ्याएवढीच झाली. कणसं अशी, की चिमणीनं बघावं आणि पुढं जावं.

"देवाला शीव ठाऊक हाय," उमाजी म्हणायचा.

"देव कागूद करतोय व्हय?" केशर म्हणायची. "तुमच्या जिभेला काटा मोडला हुता काय नावं घ्यायला?" आणि मग तिलाच वाईट वाटायचं, कारण रीत मोडायला ती तरी कुठं तयार झाली असती? मग राग आणखी वाढायचा.

माघ सरता सरता लखू आला. केशरच्या वारलेल्या बहिणीचा लेक, जंगलाचा गार्ड. अंगात खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, पाय मात्र आपले उघडे. केशरनं त्याच्यापुढं आंबिलीचा वाडगा ठेवला.

"मावशे, परवा कुंभारवाड्याला मोठं साहेब येत्यात. सगळ्या वाड्यांच्या बुधवंतांनी यायचं हाय. अंगठा द्यायला."

"कशावर?"

लखूनं वाडग्याच्या काठावरनं बोट फिरवलं. "उंबरीचा उतार राखीव रानात जातोय."

"सहा गिळलं की रं! सातवा कशापायी? वरचं रान पुरंना झालं व्हय तुझ्या साहेबाला?"

"तसं न्हवं गे. आयक. वरचं रान सरकारचं झालं. तुमी लाकडाला, कंदाला त्यात शिरता."

"आमचंच हुतं त्ये."

"हुतं. आता शिरलं की चोरी. चोरी हुत्या म्हणून पहारा आला, म्हंजे मी आलो. मला फिरायला वाट पायजे. वाटंला खालनं आग लागल म्हणून वाटंखाली साफ केलेली पट्टी पायजे. आनि पट्टीच्या खाली तुमची कुमरी. तुमी जाळणार, ठिणगी वर उडणार. मग साहेबाला झोप लागंना. म्हणून उंबरी पायजे."

"आनि उंबरीच्या खाली काय हाय?"

"खळं."

"आनि खळ्याच्या खाली?"

लखू आंबिलीत बघत बसला. "तुमचं घर," तो हळू म्हणाला.

"पी," केशर म्हणाली. "पी की. बिल्ल्यावर सांडू नगंस तेवढं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती जात्यावर बसली. दळायला दोन ओंजळी नाचणी, पण जातं असं गरगरत होतं की खुंटा निघून हातात यायचा. ओव्या तिला आईकडनं आलेल्या. पण त्या दिवशी ओठांवर आली ती कुणाकडनं आलेली नव्हती.

*वाघ गं धाला-जेवला, निजे करवंदीच्या खाली*
*ह्याची गं कशी भूक, जेवता वाढत गेली*

शेजारची देवकी कुडाच्या पलीकडनं ओरडली, "अक्का, जातं फोडतीस का काय!"

"फुटू दे. दळायला तरी काय ऱ्हातंय?"

ठरल्या दिवशी उमाजी कुंभारवाड्याला निघाला तशी केशरही निघाली. "बायकांचं काम न्हाई तितं," तो म्हणाला. "नाचणी कोण पेरतंय? बायका," ती म्हणाली आणि त्याच्या पुढंच चालू लागली.

कुंभारवाड्याला फणसाखाली खुर्ची मांडली होती. साहेब तांबडा, उन्हानं नाक सोललेला. शेजारी रामचंद्र नावाचा कारकून, हातात कागद, काखेत एक मोठं चित्र. बुधवंत आणि त्यांची माणसं जमिनीवर. साहेब बोलायचा, कारकून मराठीत सांगायचा.

आधी चित्र उघडलं. टोकदार टोप, वर पिळलेल्या मिशा.

"मिशा बघा की गा," कुमगाळीकडचा येसाजी बुधवंत कुजबुजला. "माझ्या रेड्याची शिंगं काढून लावल्यागत."

"हा जर्मन बादशहा," कारकून म्हणाला. "ह्याच्या शेजारी एक छोटा मुलूख आहे. बेल्जम. गरीब, कष्टाळू माणसं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. जर्मन म्हणाला, मला तुमच्यातनं पुढं जायचंय, वाट सोडा. ते नाही म्हणाले, तर ह्यानं त्यांची घरं जाळली, माणसं मारली, मुलूख गिळला. आपलं सरकार तीन वर्षं लढतंय ते कुणासाठी? त्या दुबळ्या शेजाऱ्यासाठी! त्या लढाईला आगगाडी लागते, गोद्या लागतात, त्याला लाकूड लागतं. म्हणून रान राखायचं आहे. समजलं?"

माणसांनी माना हलवल्या. माना हलवायला काही मोल पडत नाही.

"मी एक इचारू?" केशर उभी राहिली. उमाजीनं तिच्या लुगड्याचा काठ ओढला. तिनं तो सोडवून घेतला. "त्यो जर्मन असा का करायला लागला? त्याच्या घरात खायला न्हवतं?"

कारकुनानं कपाळाला आठी घातली, पण साहेबानं विचारलं, बाई काय म्हणते. सांगितल्यावर तो खूश झाला. रानातल्या बाईला लढाईचं कारण हवं होतं! खुर्चीत पुढं सरकून तो सावकाश, मन लावून बोलला. शिकवायला आवडणारा माणूस असावा. कारकून एकेक वाक्य उचलून मराठीत ठेवत गेला.

"साहेब म्हणतात, खायला भरपूर होतं. भुकेनं नाही झालं ते. राज्य मोठं झालं की त्याची शीव लांबते. शीव लांबली की ती राखायची काळजी लागते. पलीकडचा प्रत्येक शेजारी चोर दिसायला लागतो. मग तो म्हणतो, शीव थोडी पुढं ढकलू, म्हणजे निर्धास्त झोपू. ढकलली, की तिच्यापुढं नवा शेजारी. परत तीच धास्ती. आणि साहेब म्हणतात, पहिल्यांदा ढकलली तेव्हाच कुणी आडवं आलं असतं तर तो इतका चढलाच नसता."

माणसांनी परत माना हलवल्या.

केशरला वाटलं, आपल्या छातीतलं कुणीतरी हात घालून बाहेर काढलं आणि आपल्यालाच दाखवलं. वाट, पट्टी, उंबरी, खळं, घर. लखूनं सांगितलं ते आणि ह्या तांबड्या माणसानं सांगितलं ते एकच. सगळं ठाऊक होतं ह्याला! काय करतोय ते न कळून करत असता तर एक वेळ सोडून दिलं असतं.

"साहेबास्नी सांगा, मला समजलं," ती म्हणाली. "मग आमचा जर्मन कोण, त्येबी सांगा."

येसाजी फसकन हसला आणि लगेच तोंडावर पंचा धरला. मागं कुणी तरी "आई गे!" म्हणालं. कारकून पांढरा पडला.

"व्हॉट डझ शी से?" साहेबानं विचारलं.

कारकून इंग्रजीत काही तरी बोलला. साहेबानं केशरकडं बघून टोपीला हात लावला आणि हसला.

"काय सांगितलंसा त्येला?" केशरनं विचारलं.

"सरकारचा जय होवो म्हणते, असं," कारकून दातांतनं म्हणाला. "माझ्या पोटावर पाय आणू नकोस बाई. खाली बस."

ती बसली नाही. अंगात वणवा, आणि समोरचा माणूस हसून टोपीला हात लावतोय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अंगठे सुरू झाले. एकेक बुधवंत उठायचा, शाईत अंगठा बुडवायचा, कागदावर टेकायचा. येसाजीनंही दिला, परत येताना त्यानं केशरकडं बघितलं नाही. मग उमाजीचं नाव आलं. तो गेला. शाईत अंगठा बुडवला. कागदावर नेला आणि तिथंच अधांतरी धरला.

"अंगठा," कारकून म्हणाला.

उमाजीनं पूर्वेला तोंड केलं. आणि नावं घ्यायला लागला. श्वास नाही, नावं. "कोनसाळ," तो म्हणाला. "धामणटेप. मोरखिंड. हळदीचा उतार. दोनपाणी. सातेरीचं पाठार." प्रत्येक नावाला त्याच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, कारण तो निजलेल्यांना हाका मारत होता, आणि जागं करून त्यांना कुठं न्यायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. केशरच्या लग्नात मोरखिंडीची नाचणी होती. त्यानंतर आज ते नाव तिनं ऐकलं.

"हे काय आता?" कारकून म्हणाला.

"आमची शीव. तवा सांगायची ऱ्हायली. लिवा."

"अरे बाबा, हरकतीला सहा महिने होते. ती मुदत संपून दोन वर्षं झाली. आता नावं घेऊन काय उपयोग? अंगठा दे."

उमाजीनं शाईचा अंगठा डोक्याच्या केसांत पुसला. दोनदा, तीनदा, कातडं सोलल्यागत. "न्हाई देत," तो म्हणाला.

असा शब्द त्या माणसाच्या तोंडून केशरनं जन्मात ऐकला नव्हता. कारकुनानं साहेबाकडं बघितलं; साहेबानं घड्याळाकडं. कारकुनानं कागदावर काही तरी लिहिलं.

"काय लिवलंसा?"

"उमाजी बुधवंत, गैरहजर."

"म्या हितं हुबा हाय की!"

"कागदावर नाहीस," कारकून म्हणाला आणि पुढचं नाव वाचलं.

दोघं परत निघाली. ओढा ओलांडताना उमाजी म्हणाला, "तुजं खरं हुतं. तवाच आडवं व्हायला पायजे हुतं."

"तवा तुमी एकलेच गप्प न्हवतासा," केशर म्हणाली. "आमीबी आठी घरं गप्पच हुतो." राग तेवढाच होता; पण आता तो नवऱ्यावर नव्हता. तिनं त्याच्या हातातली काठी घेतली आणि त्याला उतारावर आधार दिला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी लखू आला. बरोबर सुप्याकडचे सहा गडी, पहारी, पाट्या. उंबरीच्या पायथ्याला, खळ्याला लागून, चुन्याच्या पाच खुणा टाकलेल्या. पाच बुरूज यायचे होते. गड्यांनी ओढ्यातनं दगड वाहून ढीग घातला. मग लखू पहिल्या खुणेवर आला, तर खुणेवर केशर बसलेली.

"मावशे, ऊठ."

"रच की."

"ऊठ गे. मला काम हाय."

"मी कुटं अडवत्या? माझ्याभवती रच. मधी पोकळ ऱ्हाईल तेवढं. साहेबाला सांग, आत बाई हाय."

गडी हसले. लखूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चला, दुसऱ्या खुणंवर चला," तो म्हणाला.

दुसऱ्या खुणेवर देवकी बसली होती, मांडीवर पोर पीत होतं. तिसरीवर म्हातारी बाळी, पुढ्यात सूप, त्यात नाचणीचं बी. ती शांतपणे खडे निवडत होती. चौथीवर दोघी जावा, सकाळपासनं एकमेकींशी भांडत, पण चुन्यावरनं न हलता. पाचवीवर उमाजी. चेहरा भीतीनं राखेसारखा झालेला, मांडी मात्र घट्ट घातलेली.

"बुधवंत, तुमीबी?" लखू म्हणाला.

"मी गैरहजर हाय," उमाजी म्हणाला. "तुला कसा दिसलो?"

गडी आता हसले नाहीत. त्यांच्यातल्या एकानं पहार जमिनीवर ठेवली, तंबाखू काढली आणि ढिगावर बसला.

"साहेब मला काढून टाकील," लखू केशरपाशी परत येऊन म्हणाला. "पोलीस घिऊन ईल. तुमास्नी सुप्याला धरून न्हेतील. मावशे, ती माणसं लई मोठी हाईत."

"मोठीच हाईत. म्हणून तर आमास्नी भ्यात्यात." तिनं पदर कमरेला खोचला. "येऊं दे पोलीस. आज ह्या खुणंवर भेटलो न्हाई तर उद्या चुलीपाशी भेटायचंच हाय. मग हितं काय वाईट? वारा तरी हाय."

लखूनं ढिगातला एक दगड उचलला. त्याचं काम तेवढंच होतं, दगड उचलायचा आणि ठेवायचा. तो दगड पोटाशी धरून त्यानं पाचही खुणांकडं बघितलं. ऊन वर आलं. दगड ओढ्यातला, अजून ओला; खाकी कोटावर त्याचा काळा डाग पसरत चालला.

"जड हाय?" केशरनं विचारलं.

त्यानं दगड पोटावर थोडा वर ओढला.

"मग घरी जा," ती म्हणाली. "न्हाईतर धरून हुबा ऱ्हा."