मांडवातले सहा रांजण

माझं लग्न मोडायला एक झाकण उचलणं पुरेसं झालं, आणि ते माझ्या होणाऱ्या सासऱ्यानंच उचललं.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. देवणीकडच्या आमच्या गावात लोक पत्रावर मोठ्या दिमाखात 'जिल्हा लातूर' लिहीत होते, पण घशाची कोरड काही जुन्या जिल्ह्याबरोबर गेली नव्हती. आमच्या ख्रिस्ती वस्तीतली विहीर संक्रांतीलाच आटली. तेव्हापासून आई आणि मी मलप्पांच्या मळ्यातून पाणी आणायचो. मळा जाताना अर्ध्या कोसावर होता आणि डोक्यावर घागर घेऊन येताना दीड कोसावर.

आमच्याकडच्या लग्नात एक रीत आहे. येशूनं काना गावच्या लग्नात सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, म्हणून मुलीच्या मांडवात सहा रांजण भरून ठेवायचे. मुलीचा बाप बायबलातला तो अध्याय वाचून अर्थ सांगतो, दोन्ही घरचे रांजणातलं पाणी पितात आणि मगच लग्न लागतं.

माझे वडील किशनराव मास्तर, आमचे दादा, शाळेत शिकवायचे आणि पाद्रीसाहेब नसले की रविवारी उपदेश करायचे. त्यांचं एक ठाम मत होतं: चमत्कार ही खूण असते, खुणेच्या दगडाला मिठी मारून बसायचं नसतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ते आईला म्हणाले, "नीले, एक रांजण भर. पाच नुसते झाकून ठेव. अर्थ पोचला म्हंजे झालं."

आईनं पाच झाकणं पुसायला घेतली. मी मात्र मनातल्या मनात उड्या मारल्या. खोटं कशाला बोलू, चाळीस खेपा वाचल्या होत्या! रूपकाचा एवढा फायदा मला कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच बिलोलीहून वऱ्हाडाचा टेम्पो आला. चाळीस माणसं, एक बँड आणि माझा व्यंकटी. त्याला मी दोनदाच पाहिलं होतं, पण मला तोच पाहिजे होता. त्या वेळी हे कुणाला सांगितलं असतं तर आईनं झोडपलं असतं. त्याचे वडील अण्णाराव सायकलवरून गावोगाव उपदेश करत फिरायचे. शास्त्रात लिहिलंय ते अक्षर न् अक्षर तसंच घडलं, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सिंदी-दारू पिणाऱ्यांचे तर ते कर्दनकाळच होते.

दादांनी अध्याय वाचला. चमत्कार म्हणजे चिन्ह कसं, जुन्या नेमाचं पाणी आणि नव्या प्रीतीचा द्राक्षारस कसा, हे रंगात येऊन सांगितलं. अण्णाराव एकेका रांजणाकडे बघत ऐकत होते. मग तांब्या घेऊन ते उठले आणि नेमके तिसऱ्या रांजणाकडे गेले. झाकण उचललं, तांब्या आत घातला. ठण्ण आवाज झाला. चौथा उघडला, पाचवा उघडला, सहावा उघडला.

"मास्तर," ते म्हणाले, "हे काय हाय?"

"दुष्काळ हाय, अण्णाराव. अन् पाणी ही नुसती खूण..."

"खूण? आज रांजण रिकामे ठेवले, उद्या म्हनाल येशू मेलेल्यांतून उठला, त्याची कबर रिकामी झाली, तीबी खूणच! ज्या घरात भरलेलं पायजे ते रिकामं, त्या घरची पोर मला नगं. व्यंकटी, ऊठ!"

व्यंकटी उठला नाही, पण त्यानं तोंडही उघडलं नाही. खिडकीतून हे सगळं बघताना माझ्या पायाखालची जमीन सरकली आणि डोक्यात तिडीक गेली, दोन्ही एकदमच.

दादाही पेटले. "मग येशूनं खरीच दारू केली म्हना की! सहा रांजण दारू!"

"दारू न्हाई, ताजा रस व्हता!"

"ताजा रस व्हता हे कुठं लिहिलंय? दाखवा! हा तुमचा अर्थच झाला की!"

मांडवात एकच गिल्ला झाला. आमचे लोक टाळ्या पिटायला लागले, बिलोलीकर उभे राहिले. बँडवाल्याला वाटलं लग्न लागलं, त्यानं एकदा वाजवूनही घेतलं. बापाला वाचवावं की सासऱ्याला, हे काही मला सुचेना. मी पांढरं पातळ वर खोचलं आणि थेट मांडवात जाऊन उभी राहिले. नवरी लग्नाआधी मांडवात येत नाही. मी आले.

"दादा, तुम्ही अध्याय वाचला, पण रांजण कुणी भरले ते सांगितलं न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज चांगलाच मोठा होता. "घरातल्या चाकरांनी भरले. एकेका रांजनात सात-आठ घागरी तरी मावतात. सहा रांजण म्हंजे पंचेचाळीस खेपा! लग्न चालू, पंगती बसलेल्या, अन् एक पाहुना सांगतो, पाणी भरा. का, ते सांगत न्हाई. त्यांनी काठोकाठ भरले. अर्धे न्हाई, काठोकाठ! तो द्राक्षारस खरा व्हता का खूण व्हती, हे तुम्ही दोघं मागून भांडा. पाणी तर खरंच व्हतं ना? आधी ते भरा!"

कुणी हललं नाही. मला वाटलं, गेलं लग्न.

तेवढ्यात व्यंकटीची आजी लक्ष्मम्मा काठी टेकत उठली. तिनं आमच्या ओट्यावरची रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि लेकाकडे बघितलं. "नीळ्ळू, पाणी कुठं हाय, पोरी? चल, दाव."

सत्तरीची म्हातारी पुढं निघाल्यावर बाकीचे बसून राहतील कसे? व्यंकटीनं बाशिंग काढून खुर्चीवर ठेवलं आणि दोन घागरी उचलल्या. वस्तीतल्या घराघरांतून भांडी गोळा झाली. बँडवाला रिकाम्या हातानं कशाला जाऊ म्हणून वाजवत निघाला. पाच मिनिटांत अख्खं वऱ्हाड मळ्याच्या वाटेला लागलं आणि मी सगळ्यांच्या पुढं, जवळजवळ पळत.

मलप्पा आम्हाला एका वेळी घरटी चारच घागरी भरू द्यायचे. एवढी जत्रा बघून ते विहिरीच्या कठड्यावरून उठलेच. त्यांच्याशी बोलायला अण्णारावांनाच जावं लागलं.

"आमच्या शास्त्रात एका लग्नात सहा रांजण भरले व्हते," अण्णाराव म्हणाले. "ते भरायचेत."

"आज लग्न हाय का न्हाई?"

"हाय," अण्णाराव म्हणाले. मग माझ्याकडं बघून जरा दबकत म्हणाले, "बहुतेक हाय."

"मग भरा की. सांगायचं काय त्यात!"

पोहरा खाली गेला आणि वर आला तो थांबलाच नाही. बिलोलीकर ओढायचे, आमचे भरायचे. दोन खेपा झाल्या, तिसरी अर्धी झाली. उदगीरहून पाद्रीसाहेब अकराच्या गाडीनं आले तेव्हा मांडवात कुत्रंही नव्हतं. वाटेत त्यांची आमची गाठ पडली आणि काय चाललंय हे विचारायच्या आधीच त्यांच्या हातात बादली आली. आम्ही हसत होतो, भिजत होतो, सांडलं की एकमेकांवर ओरडत होतो. त्या उन्हाळ्यात मी एवढी कधीच हसले नव्हते.

दादा पहिल्यांदाच खांद्यावर घागर घेऊन चालत होते. वाटेत तीनदा टेकले. मांडवात आले तेव्हा अर्धी घागर त्यांच्या सदऱ्यावर होती. त्यांनी रांजणात पाणी ओतलं आणि आईसमोर उभे राहिले.

"नीले, तू हे रोज आनून राहिलीस?"

"मग?" आई म्हणाली. "घरात पाणी आपोआप येतं असं वाटलं व्हय तुम्हाला? अन् म्हने चमत्कारावर इश्वास न्हाई!"

सगळा मांडव हसला. दादा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. सहावा रांजण काठोकाठ भरला तसे ते अण्णारावांकडे वळले.

"अण्णाराव, माझं चुकलं. वीस वर्षं या रांजणांचा अर्थ सांगितला, भरला एकबी न्हाई. द्राक्षारसाचं मी आजबी खूणच म्हनीन. पण कबर रिकामी व्हती. ती खूण न्हाई. त्यावर माझा जीव टांगलेला हाय."

अण्णारावांनी ओल्या पंच्यानं तोंड पुसलं. "रस व्हता का काय व्हतं," ते हळूच म्हणाले, "ते लिहिलेलं न्हाई खरं." मग पाद्रीसाहेबांवर ओरडले, "साहेब, बादली ठेवा अन् लग्न लावा!"

आई मला पातळ बदलायला ओढत होती. मी गेले नाही. चिखलानं भरलेल्या त्याच पातळात उभी राहिले आणि पाद्रीसाहेबांचा प्रश्न संपायच्या आत 'हाव' म्हणाले.

दुपार कलताना टेम्पो निघाला. व्यंकटी मागं सामान चढवत होता, मी पुढं अण्णारावांजवळ बसले होते. गाव मागं पडलं तसे ते माझ्याकडे वळले.

"पोरी," ते म्हणाले, "भांडन न्हाई, नुसतं इचारतो. तुला काय वाटतं? झाला असल का पाण्याचा द्राक्षारस?"

सकाळी एवढी तोंड वर करून बोलले होते, पण आता खोटं बोलवेना.

"मामा, मला ठाव न्हाई," मी म्हणाले. "पण शेवटची घागर वतली, अन् सगळे वाकून रांजनात बघून राहिले व्हते ना, तवा जर ते पाणी लाल झालं असतं, तर मला जराबी नवल वाटलं नसतं."

अण्णारावांनी खांद्यावरचा ओला पंचा झटकला.

"मीबी त्याच्यासाठीच वाकलो व्हतो," ते म्हणाले.