बिनकामाचा ट्रान्झिस्टर

संग्रहालयाचं पत्र हिवाळ्यात आलं होतं. आता ट्यूलिपही येऊन गेले, तरी मोरेश्वररावांनी उत्तर दिलं नव्हतं. प्रश्न साधा होता. घरगुती कॉम्प्युटरांच्या दालनात त्यांच्या जुन्या कंपनीचा प्रोसेसर ठेवायचा होता, आणि त्यातला तो प्रसिद्ध सापळा ज्याने रचला त्याचं नाव पाटीवर घालायचं होतं.

सापळा म्हणजे एक ट्रान्झिस्टर. दिसायला कामाचा, प्रत्यक्षात कशालाच न जोडलेला. त्या काळी दुसऱ्याची चिप उघडायची, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचे आणि हुबेहूब नक्कल करून विकायची, असा धंदा चाले. अशाच एका कंपनीने आइंडहोवन या डच शहरातली ही चिप उचलली आणि 'आमचीच' म्हणून कोर्टात शपथ घेतली. पण नकलेत तो रिकामटेकडा ट्रान्झिस्टरही जसाच्या तसा उतरला होता. चोर जागीच सापडला.

तो ट्रान्झिस्टर मोरेश्वररावांनीच, कोणाला न विचारता, बसवला होता. पण छातीठोकपणे सांगायला आधी छाती हवी. शिवाय वाउटर आणि प्रकाश हे त्यांचे दोन सहकारी तेव्हापासून 'सापळा माझा' म्हणून एकमेकांशी भांडत आले होते. इतका जुना संसार मोडायचा कसा?

"अहो, तुमचा मसुदा वाचला," वृंदाबाई म्हणाल्या. "'बहुधा', 'कदाचित', 'स्मृती दगा देत नसेल तर'. हे उत्तर आहे की हवामानाचा अंदाज?"

"इतकी माणसं आपला म्हणतात, तेव्हा मलाच वाटतं, खरंच माझा होता का..."

"उद्या शेजारीण म्हणाली, हा नवरा माझा, तरी कदाचितच म्हणाल!"

त्या रविवारी वाउटरचा वाढदिवस होता. खुर्च्या गोल मांडलेल्या. आल्या-गेल्याने उत्सवमूर्तीचंच नव्हे, तर त्याच्या बायकोचं, सासूचं, भाच्याचंही अभिनंदन करायचं आणि मग केकचा एकुलता एक तुकडा पुरवून खायचा. दुसऱ्या कॉफीला वाउटर आणि प्रकाश यांची जुंपली, तीही डचमध्ये, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून.

"सापळा ही माझी कल्पना!"

"तुझी? तुला तेव्हा उंदराचा सापळा लावता येत नव्हता!"

"मला आपलं वाटतं," मोरेश्वरराव पुटपुटले, "आपली चिप उन्हाळ्यात तापायची, तक्रारी यायच्या... ते त्या ट्रान्झिस्टरमुळेच तर नसेल?"

वाउटरने काटा खाली ठेवला.

"चिपचा तो कोपरा माझ्याकडे नव्हताच. प्रकाशकडे होता."

"माझ्याकडे? मी मेमरीच्या बाजूला होतो! तो कोपरा मोऱ्याचा. नकाशावर तो ट्रान्झिस्टर काढताना या डोळ्यांनी पाहिलंय त्याला!"

"बरोबर! मी तेव्हाच विचारलं होतं, मोरेश्वर, हे काय नसतं काढतोयस?"

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. वाउटरच्या सासूला तेवढंच कळलं. तिने उठून मोरेश्वररावांचं अभिनंदन केलं. मग रीतीप्रमाणे वृंदाबाईंचंही.

सायकली हातात धरून घरी येताना वृंदाबाईंनी विचारलं, "खरंच तापायचा का हो तो?"

"छे! तापायचा तो वीजपुरवठा. हा कशालाच जोडलेला नव्हता."

"मग तिथे असं का म्हणालात?"

"मला शंका आली."

"जोडलेला नसताना?"

"शंकेला तार लागत नाही."

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. प्रत्येक 'बहुधा' वृंदाबाई खोडत गेल्या. शेवटी कागदावर इतकंच उरलं: 'सापळा मी रचला. खात्रीसाठी वाउटर आणि प्रकाश यांना विचारावं. मात्र चिप तापत होती ती दुसऱ्याच कारणाने, हे त्यांना आधी सांगू नये.'

कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं आणि ते तसेच थांबले.

"आता काय?"

"तिकीट पुरेसं आहे ना?"

"अहो!"

त्यांनी बोटं सोडली.