आतड्याचं अस्तर

भिवराबाईनं आतडं काडीवर उलटं केलं, चुन्याच्या पाण्यात बुडवलं आणि बोटांच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत खरवडून काढलं. आम्रपाली बर्फाचा डबा घेऊन मटणाच्या दुकानामागं पोचली, तेव्हा ते पांढरंशुभ्र होऊन घमेल्यात पडलं होतं.

“आत्या, हे काय केलंस!”

“कावून? कालेजात न्यायचं म्हनून दोन पानी जास्त धुतलं. घाण कसं धाडू?”

“मला ती घाणच पायजे व्हती.”

आम्रपाली डब्यावरच बसली. तेलगावहून येणारी एसटी अर्धा तास उशिरा आली आणि तेवढ्यात हे होऊन गेलं. एरवी ती स्वतः उभी राहून न धुतलेला तुकडा घ्यायची. तिला हवं होतं ते आतलं अस्तर, प्रथिनांनी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशींचा एकच पातळ थर. आतड्याला सूज आली की शरीराच्याच संरक्षक पेशी एक एन्झाइम सोडतात आणि ती पकड सैल होते. किती सैल होते, हे तिला मोजायचं होतं. ती आतड्याच्या तुकड्यांची टोकं दोऱ्यानं बांधून दोन पिशव्या करायची, दोन्हींत रंग भरायची आणि एकीतच एन्झाइम घालायची. रंग त्या एन्झाइमच्या पिशवीतूनच झिरपायला हवा होता. तीन रविवार दोन्ही गळत होत्या.

“तुला गाठसुद्धा मारता येत नाही,” कॉलेजातले तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते. आज जमलं नाही तर तिचा संशोधनाचा विषय वर्गातल्या रविराजला जाणार होता. आठवडाभर ती दोऱ्याला गाठी मारत होती. बोटांची टोकं सोलून निघाली होती.

“रडतीस व्हय गं? एवढ्याशा वजडीपायी?” भिवराबाईनं हात झटकले. “तसंबी ह्यात दम न्हाई. नुसतं बोट लावलं की अस्तर हातात येतंय. चांगल्या जनावराचं खरवडून खरवडून नखं झिजत्यात.”

आम्रपालीनं मान वर केली. “मागच्या आयतवारचं?”

“तेबी असंच. सगळी हगवणीची बकरी. महिना झाला, मालक तसलीच आनतोय, सस्तात.” मग तिनं आवाज उतरवला. “कुठं बोलू नको बग. तुजे सर बी हितूनच मटण नेत्यात. त्यांनी मालकाला झापलं की त्यो मला घरी बसवंल.”

म्हणजे गाठी नीट होत्या. आजारी बकऱ्यांच्या सुजलेल्या आतड्यातली पकड एन्झाइम घालायच्या आधीच सुटलेली होती. आम्रपालीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत आणायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. सरांचा होता.

“निघालीस का?”

“सर, ते गाठींमुळं गळत नव्हतं. नमुनाच…”

“नमुन्याला काय झालं? कुठल्या दुकानातून आणतेस?”

चुन्याच्या पाण्यातले भिवराबाईचे हात थांबले. त्या पाण्यानं बोटांच्या पेरांवर पडलेल्या भेगा आम्रपालीला बसल्या जागेवरून दिसत होत्या.

“काही नाही सर. आजही जमणार नाही.”

पलीकडून बरंच बोलणं झालं. ती दोनदा ‘हो’ म्हणाली आणि फोन ठेवला.

“काय म्हनले?”

“विषय रविराजला दिला.”

“दुकानाचं नाव सांगायचं व्हतंस की,” भिवराबाई घमेल्यात बघत म्हणाली, इतक्या हळू की तिचं तिला तरी ऐकू गेलं का कोण जाणे.

आम्रपालीनं ओढणी कमरेला खोचली.

“न धुतलेलं हाय का एखादं? चांगलं का हगवणीचं ते कळायला बोट कसं लावतीस, बगू दे मला.”

भिवराबाई दगडावर थोडी सरकून बसली.