काकूंच्या हातातला डाव

मित्रांनो, डाव म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पत्ते येतील, नाहीतर कॅरम. मी तो डाव नव्हे. मी स्वयंपाकघरातला, ढवळायचा आणि वाढायचा, लाकडी डाव आहे. वय झाले आहे माझे. दांडा हातभर लांब, वाटी खोलगट, आणि वाटीची एक कड जळून काळी पडलेली. ती कड जन्मापासून तशी नव्हती.

मला एका सुताराने घडवले. कोणाच्या तरी जिन्याचा कठडा करून झाल्यावर अक्रोडाच्या लाकडाचा एक तुकडा उरला होता. त्याच्या धाकट्या बहिणीला नुकतेच एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम लागले होते. तीन संध्याकाळी तो मला कोरत बसला, मग पॉलिश पेपरने घासले, तेल चोळले आणि बहिणीच्या हातात दिले. म्हणाला, "भांडी शाळेची असू देत. डाव तुझा स्वतःचा असावा."

ती बहीण म्हणजे माझ्या काकू. शाळेतली मुले त्यांना काकू म्हणत. मुलांचे ऐकून शिक्षक म्हणू लागले, मग शेजारी, आणि शेवटी तर त्यांचा नवराही चेष्टेने "काकू, चहा मिळेल का?" असे विचारायचा. तो पोस्टमन होता, मोठा हसरा माणूस.

काकू मला रोज सकाळी फडक्यात गुंडाळून पिशवीत घालत आणि संध्याकाळी तसेच घरी आणत. शाळेत अडीचशे मुले जेवायची. मोठमोठ्या पातेल्यांत डाळ, भाजी, सूप शिजायचे. मुले रांगेत यायची, ताट पुढे करायची आणि काकू वाढायच्या. कोण लाजून कमी मागतो, कोण हट्टाने जास्त मागून टाकून देतो, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचे. लाजऱ्या मुलाच्या ताटात मी न मागता दुसऱ्यांदा रिकामा व्हायचो. त्या कामाची मला सवय झाली. कौतुकही खूप झाले. नवी बाई कामावर आली की काकू तिला सांगत, "बाकी काहीही उचल, पण याला हात लावू नकोस."

त्यांच्याबरोबर आणखी दोघी होत्या. एक उंचीने इतकी कमी की पातेल्यात डोकावायला तिला पाटावर उभे राहावे लागे. तिला सगळे ठेंगणी म्हणत. दुसरी कांदे चिरतानासुद्धा बोलायची थांबत नसे, म्हणून ती बडबडी. नाताळची सुट्टी लागली की तिघी मिळून वर्षातून एकदा हॉटेलात जेवायला जात. चांगल्या साड्या नेसून, केस नीट विंचरून. बडबडी म्हणायची, "वर्षभर आपण वाढतो. एक दिवस आपल्यालाही कुणीतरी वाढू दे की." त्या दिवशी मी घरी असे. परत आल्यावर काकू नवऱ्याला सांगत बसायच्या, काय खाल्ले, सुपात मीठ कसे कमी होते, आणि वेटरने ताट उचलले तेव्हा ते धुवायला आपणच उठलो कसे.

नाताळच्या दिवशी दुपारचे जेवण मात्र घरीच व्हायचे. पोस्टमनचे आदले दोन आठवडे फार धावपळीचे जात. घरोघरी कार्डे, पार्सले. सुजलेल्या पायांनी तो घरी येई आणि गरम पाण्यात पाय सोडून बसे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी काकू त्याच्याशेजारी केकचे पीठ माझ्याने फेटत बसत, हात दुखला की भांडे त्याच्याकडे सरकवत. दुसऱ्या दिवशी भाजलेली कोंबडी, बटाटे, सुक्या मेव्याचा केक, आणि सगळ्यात आधी भाज्यांचे दाट सूप. जेवायला घरचे तिघेच असे कधी झाले नाही. खालच्या मजल्यावर एक चष्मेवाला एकटाच राहायचा, तो यायचा. ठेंगणी आणि बडबडी यायच्या. सूप मी वाढायचो. काकूंची लहानगी मुलगी खुर्चीवर उभी राहून माझा दांडा आईबरोबर धरायची.

ती मुलगी मोठी झाली आणि शहरातली बस चालवू लागली. लग्न झाले, तिलाही मुलगी झाली. काकू शाळेतून निवृत्त झाल्या. मग एका हिवाळ्यात पोस्टमन गेला. मुलगी सगळे बिऱ्हाड घेऊन आईकडे राहायला आली.

काकूंचे विसरणे नेमके कधी सुरू झाले ते मला सांगता येणार नाही. आधी मीठ दोनदा पडू लागले. मग एक दिवस त्यांनी मला हातात धरले आणि आपण काय ढवळायला घेतले होते ते त्यांना आठवेना. त्या तशाच उभ्या राहिल्या. मी रिकाम्या पातेल्यात होतो. बाहेरून मुलीने हाक मारली तेव्हा त्यांनी घाईने भांडे घासायला घेतले, जणू तेच करायचे होते. त्या लपवत होत्या, मित्रांनो. हे फक्त मला ठाऊक होते आणि मला बोलता येत नव्हते.

त्यानंतरच्या नाताळला त्यांनी सुपाचे पातेले चढवले, मला त्याच्या काठावर टेकवले आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पोस्टमन यायची वेळ झाली, असे काहीतरी पुटपुटल्या. सूप आटले, करपले. शेजारचे फडके पेटले आणि ज्वाळा माझ्यापर्यंत आली. मुलगी सकाळची फेरी संपवून गणवेशातच घरी शिरली म्हणून बरे. तिने ओला टॉवेल टाकला, गॅस बंद केला आणि मला नळाखाली धरले.

ती म्हणाली, "आई, आता बास. यापुढे गॅसला हात लावायचा नाही."

काकूंनी विचारले, "मग मी करू काय?"

मुलीने मला पुसून खणात ठेवले आणि खण लावून घेतला.

त्या खणात मी वर्षभर होतो. बाटल्या उघडायचे, लिंबू पिळायचे, असे कोणी ना कोणी सोबतीला होते. पण लाकडाला तेल लागले नाही की ते कोरडे पडते, दांड्याला बारीक चिरा जातात. बाहेरचे ऐकू यायचे. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या की जावई म्हणायचा, "तुम्ही बसा." नात म्हणायची, "आजी, तू बस ना." मुलगी म्हणायची, "आई, बस गं, मी बघते." सगळे प्रेमाने म्हणायचे. दिवसातून वीस वेळा म्हणायचे. पुढच्या नाताळला जेवण डब्यांतून बाहेरून आले. चष्मेवाल्याने दोनतीनदा विचारले तरी काकू जेवल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या आणि थोड्या वेळाने मुलीला विचारले, "मी आता उठू का?"

हे सगळे ठेंगणी बघत होती. दोन दिवसांनी ती आणि बडबडी घरी आल्या. या वर्षीचे आपले हॉटेलातले जेवण राहिले आहे, काकूंना घेऊन जातो, असे त्यांनी मुलीला सांगितले. मुलगी नको म्हणाली. आई वाट चुकेल, काहीतरी करून बसेल, लोक हसतील, आणि तिला ते कळले तर ती आणखी मिटून जाईल. बडबडीने नेहमीप्रमाणे वाद घातला नाही. एवढेच म्हणाली, "हसले तर आम्ही आहोत ना." शेवटी मुलगी तयार झाली, पण दोन वाजता आपण स्वतः न्यायला येऊ, असे तिने बजावले.

निघताना काकूंनी साडी नेसली, आणि मग कोणी सांगितलेले नसताना स्वयंपाकघरात जाऊन खण उघडला. मला काढले, स्वच्छ फडक्यात गुंडाळले आणि पिशवीत घातले. इतकी वर्षे बाहेर पडताना हेच केले होते. डोके विसरले होते, हात विसरले नव्हते.

हॉटेल लहानसेच होते, काचेच्या दाराचे. छताला कागदी चांदण्या लावल्या होत्या आणि कोपऱ्यात दिव्यांचे झाड होते. बडबडी बोलत होती, ठेंगणी काकूंच्या हातावर हात ठेवून होती. काकूंनी तिला विचारले, "आपण कुठून आलात?" ठेंगणीने शांतपणे सांगितले, "इथूनच, जवळून." पण हात काढला नाही.

वेटरने तिघींसाठी सुपाचे मोठे भांडे आणून ठेवले. वाफ वर आली, तशा काकू ताठ झाल्या. त्यांनी पिशवीतून मला काढले, एका हाताने भांडे छातीशी धरले आणि उभ्या राहिल्या. दोघींना काही कळायच्या आत त्या शेजारच्या टेबलापाशी पोचल्या होत्या. तिथे एक कुटुंब जेवत होते. काकू त्यांना म्हणाल्या, "ताटं पुढे करा. रांग मोडू नका."

कोणीतरी हसले. त्या कुटुंबातल्या बाईने आपली वाटी झाकली. वेटर धावत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुम्ही बसा. आम्ही वाढतो."

तेच दोन शब्द. काकू दचकल्या. मी त्यांच्या हातात हललो आणि सूप पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडले. काकूंनी चांदण्यांकडे पाहिले, अनोळखी चेहऱ्यांकडे पाहिले. आपण चुकीच्या जागी चुकीचे काहीतरी केले आहे, एवढे त्यांना कळले. काय ते कळले नाही. त्यांच्या बोटांतले बळ जाताना मला जाणवले. मी पडणार होतो.

तेवढ्यात ठेंगणी उठली. आपली वाटी घेऊन ती काकूंसमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी वाटी पुढे धरून, मुले धरतात तशी. म्हणाली, "काकू, मला थोडंच."

बडबडी तिच्या मागे उभी राहिली. गप्प. सत्तरी गाठलेल्या दोन बायका भर हॉटेलात रांग लावून उभ्या होत्या. वेटरने मालकाकडे पाहिले. मालकाने मानेनेच खूण केली, राहू दे.

काकूंची बोटे पुन्हा माझ्यावर घट्ट झाली. त्यांनी ठेंगणीच्या तोंडाकडे नीट बघितले, अगदी पूर्वी बघत तसे, आणि वाटी काठोकाठ भरली. "थोडंच काय? वाढत्या वयाची पोर तू."

मुलगी दोन वाजता येणार होती. खरे तर ती त्यांच्या मागोमागच आली होती. तेव्हापासून ती रस्त्यापलीकडे उभी राहून काचेतून आत बघत होती. आता ती आत आली. ती आईला घेऊन जाईल असे मला वाटले. तिने टेबलावरची एक रिकामी वाटी उचलली आणि बडबडीच्या मागे उभी राहिली.

तिची पाळी आली तेव्हा काकू थबकल्या.

"तू नवीन दिसतेस. कितवीत आहेस?"

मुलीने वाटी आणखी पुढे केली. "तिसरीत."

"घरी कोण आहे?"

"आई आहे."

काकूंनी मला भांड्यात तळापर्यंत बुडवले, भाज्यांचे तुकडे वर येतील असे, आणि तिची वाटी भरली. म्हणाल्या, "मग आईला सांग, पोरगी पोटभर जेवली म्हणून. तिच्या जिवाला उगाच घोर नको."

"सांगते," मुलगी म्हणाली, आणि तिथेच उभ्याने तिने ते सूप संपवले. वाटी झाकणारी ती बाई खाली बघत होती. मग तिनेही वाटीवरचा हात काढला.

घरी आल्यावर मुलीने मला कोमट पाण्याने धुतले, तेल लावले आणि शेगडीपासून दूर, काकूंच्या हाताला येईल अशा खिळ्याला टांगले. तिने आईला गॅसजवळ जाऊ दिले नाही, ते बरोबरच होते. पण त्या दिवसापासून घरात वाढायचे काम काकूंचे झाले. पुढच्या नाताळला मुलीने स्वतः सूप केले. ते खारट झाले होते. काकू टेबलाभोवती फिरून वाढत होत्या. चष्मेवाल्याला तीनदा मिळाले, जावयाला एकदाही नाही. त्या पाठ फिरवत तेव्हा मंडळी वाट्या आपापसात बदलून घेत. सगळ्यांच्या पुढ्यात सूप येईपर्यंत ते गार झाले होते. तक्रार कोणी केली नाही. आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर काकू खुर्चीवर टेकल्या आणि जेवल्या.

असे दोन नाताळ झाले. तिसऱ्या वर्षी मला उचलायचे बळ त्यांच्यात राहिले नव्हते. त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत मुलगी त्यांना चमच्याने भरवायची. घास गिळला की काकू तिला विचारायच्या, "तू जेवलीस का?" ती कोण हे मात्र त्यांना सांगता यायचे नाही.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. मला रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नका, अधूनमधून तेलाचे बोट लावा, एवढे केलेत तर मी अजून पुष्कळ वर्षे टिकेन. पण माझे मागणे माझ्यापुरते नाही. तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस असेल, त्याचे हात कापत असतील, नावे चुकत असतील. विस्तवापासून त्याला अवश्य सांभाळा. फक्त "तुम्ही बसा" म्हणण्याआधी, त्याला अजून काय करता येते ते शोधा. आणि ते सापडले की आपली वाटी घेऊन त्याच्यासमोर उभे राहा.