समोरचं पान

बाबांनी मला आधी तोंड बंद ठेवायला शिकवलं आणि मग सुई धरायला. माझ्यासारख्या फटकळ मुलीला पहिलं जास्त जड गेलं. पण आमचं दुकान राजघराण्याचं. आजोबांपासून राजवाड्यातले कोट आमच्याच टेबलावर कापले जातात, आणि अशा दुकानात जीभ कात्रीसारखी चालून भागत नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून बाबा मापांची वही कपाटात ठेवायचे आणि किल्ली खिशात टाकायचे.

वहीची पद्धत आधी सांगते. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. माणूस एकटा असेल तर समोरचं पान कोरं सोडायचं. तो लग्नाचा कोट शिवायला आला की त्या कोऱ्या पानावर जोडीदाराची मापं लिहायची आणि दोघांचे कोट एकाच ठाणातून कापायचे. त्या कापडाचा बोटभर तुकडा दोन्ही पानांच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवायचा. बाबांचे हात थरथरायला लागल्यावर मी माझी नवी वही घातली, पण पद्धत तीच ठेवली. बाबांची वही अर्धीअधिक भरून कपाटात राहिली. तीन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "कुणाला दाखवायची नाही." मी मान हलवली होती.

त्या मंगळवारी सकाळी धाकटे राजे आले. हे आताच्या राजांचे सगळ्यात धाकटे भाऊ, नुकतीच तिशी ओलांडलेली. लहानपणी मापाला उभं केलं की गुदगुल्या होतात म्हणून टेबलाखाली लपायचे. तेव्हापासून मला टेलरमावशी म्हणतात. त्यांच्याबद्दल शहरात काय बोललं जातं ते मला ठाऊक होतं. ते आणि पागेतले घोड्यांचे डॉक्टर, चार वर्षांत एकमेकांवाचून दिसलेले नाहीत. समोरचा बटणवाला तर डोळा मारून म्हणतो, "घोडं कुठे पेंड खातंय ते सगळ्यांना कळतं हो." मी त्याच्याकडून बटणं घेणं बंद केलं आहे.

"मावशी, लग्न ठरलंय माझं," राजे म्हणाले. दाढ काढायची आहे असं सांगावं, तसा आवाज. "पुढच्या महिन्यात. घरच्यांनीच ठरवलं. मुलगी चांगली आहे."

"अभिनंदन," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी पिशवीतून एक कोट काढला. गडद निळी लोकर, कॉलरवर जुन्या कापराचा वास. "आजोबांचा आहे. लग्नात हाच घालणार, एवढंच मी घरच्यांकडून मागून घेतलं. खांदे बरोबर बसतात, पण बाह्या बघा." त्यांनी अंगात घालून हात खाली सोडले. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. "दीड इंच कापून द्या."

तो कोट ओळखायला मला आतलं आमचं लेबल बघायचीही गरज नव्हती. त्यांच्या आजोबांना शहर लांबबाहे राजे म्हणायचं. तीस वर्षं ते प्रत्येक समारंभाला तोच कोट घालून आले आणि त्यांचं बघून निम्म्या शहरानं बाह्या लांब करून घेतल्या. त्या काळचे फोटो पाहिले तर वाटतं, आपल्याकडच्या पुरुषांना हातच नव्हते. आजोबांबद्दलही कुजबुज होतीच. राजाला राणीपेक्षा ग्रंथालय प्यारं, असं लोक म्हणायचे आणि ग्रंथालय म्हणताना ग्रंथपालांचं नाव गिळायचे.

मी खडूनं खूण केली. कात्री उचलली आणि परत ठेवली. त्या खुणेवर मला ती चालवेना.

"काय झालं?"

"कापड जुनं आहे, उसवेल," मी थाप मारली.

"मावशी, तुमचा चेहरा खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता."

ते स्टुलावर बसले. दोन्ही हात त्या लांब बाह्यांमध्ये लपवून, टेबलाखाली लपायचे त्या वयातल्यासारखे. मग खाली बघतच म्हणाले, "एक विचारू? आजोबांबद्दल बोलतात ते खरं आहे का? घरात विचारलं की सगळे कानांवर हात ठेवतात. मला ते आठवतात ते एवढेच, की त्यांच्या बाहीत माझा अख्खा हात मावायचा. मला चघळायला नकोय हो ते. आमच्या घराण्यात असा मी पहिलाच आहे की काय, एवढंच कळू द्या. पहिलाच असेन तर करतो लग्न. एकट्यानं उभं राहायची छाती नाही माझी."

मी बाबांना दिलेला शब्द आठवला. मग त्या पोरीचा विचार आला, जिला पुढच्या महिन्यात एका चांगल्या घरात आणून बसवणार होते. आणि मला स्वतःचा राग आला. कारण मीही बाह्यांत हात लपवूनच पन्नाशी गाठली आहे. दुकानाच्या वर मी राहते आणि माझ्याबरोबर मास्तरीण राहते. जवळच्या शाळेत भूगोल शिकवते. एकवीस वर्षं झाली. लोकांना आम्ही ती भाडेकरू आहे असं सांगतो. बाबा आमच्या दोघींबरोबर एकाच टेबलावर जेवले, तिला वाढायला सांगितलं, तिच्याशी नकाशांवरून भांडले, पण आमच्याबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. त्यांना कळलं नव्हतं की कळून नकोसं झालं होतं, हे मला आजवर उमगलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही, आणि ते गेल्यावर ते कुसळ तसंच राहिलं.

मी दाराची कडी लावली आणि कपाट उघडलं.

"वाचा," वही त्यांच्यापुढे ठेवून मी म्हटलं. डाव्या पानावर आजोबा राजे, बाही साडेतेवीस. उजव्या पानावर ग्रंथपाल, बाही पंचवीस. दोन्ही कोपऱ्यांत त्याच निळ्या लोकरीचा तुकडा.

राजांचं बोट एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर गेलं. पद्धत त्यांना माहीत होती. त्यांच्या दोन्ही भावांच्या लग्नांत ते इथे आले होते.

"दोन कोट, एकाच ठाणातून, असं तुमच्या आजोबांनी सांगितलं होतं," मी म्हटलं. "बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. नुकते कापायला लागलेले. पानं समोरासमोर, घाईत नजर पलीकडच्या पानावर गेली आणि राजांच्या कोटाला ग्रंथपालांच्या बाह्या बसवल्या. चूक कळल्यावर बाबा रडकुंडीला येऊन राजवाड्यात गेले, तर ग्रंथपालही तिथेच होते. म्हणाले, चुकून यांच्या बाह्या लागल्या, तासाभरात दुरुस्त करून देतो. तर राजांनी कोट काढूनच दिला नाही. 'राहू दे,' म्हणाले, 'असू दे यांच्या.' आणि तीस वर्षं घातला."

धाकट्या राजांनी हात वर करून ती बाही गालाला लावली. डोळे भरून आले होते, त्यांचेही आणि माझेही. मी उगीच टाचण्या गोळा करत बसले.

"आणि आजी?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "ती पूर्वेकडच्या दालनात आयुष्यभर एकटी जेवली. तिच्यासमोर कोण होतं?"

"ते आमच्या वहीत नाही," मी म्हटलं.

ते उठले. "मला आणखी एक आजी करून ठेवायची नाही, मावशी. आज संध्याकाळी त्या मुलीला जाऊन सगळं सांगतो. शिव्या देईल, देऊ दे. मग घरच्यांना." आता तो दाढेचा आवाज नव्हता. "बाह्या राहू द्या. आणि मला या वहीत घ्या. याच वहीत. समोरचं पान डॉक्टरांना."

"त्यांचं माप कुठाय?"

"आणतो त्यांना. तोवर एवढं लिहा, माझी हनुवटी त्यांच्या खांद्यावर बरोबर टेकते."

शिंप्याला एवढं पुरतं. मी हसले, हसता हसता नाक पुसलं आणि म्हटलं, "शोधा मग कोरी जोडी. मागून उघडा, मागची पानं सगळी मोकळी आहेत."

त्यांनी वही मागून उघडली आणि थांबले. "मोकळी कुठे आहेत? शेवटची दोन भरलीत. तपकिरी कापड आहे. हे कोण?"

मी चष्मा चढवला. अक्षर बाबांचं, सावकाश, आधीच थोडं थरथरलेलं. डाव्या पानावर वर लिहिलं होतं, 'माझी लेक'. खाली छाती, कंबर, बाही. उजव्या पानावर 'मास्तरीणबाई'. छाती, कंबर, बाही. दोन्ही कोपऱ्यांत तपकिरी लोकर. मास्तरीण राहायला आली, त्या पहिल्या थंडीची तारीख.

त्या थंडीत बाबांनी आम्हा दोघींना कोट शिवले होते. मी विचारलं तर म्हणाले, ठाण उरलं होतं. आणि मी, शिंप्याची पोर, एकवीस वर्षं त्यावर विश्वास ठेवला. दोन अख्खे कोट निघतील एवढं ठाण बाबांच्या दुकानात कधी उरलं होतं?

"मावशी?" राजांनी घाबरून माझा हात धरला. मी त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं, की राजघराण्यातला तो माणूस त्या लांब बाहीनं माझे डोळे पुसत होता आणि मी ओरडत होते, "अहो, जुनी लोकर आहे, डाग पडेल!"

चार वाजता मास्तरीण शाळेतून आली. मी उघडी वही तिच्यापुढे धरली. तिनं आधी स्वतःची कंबर वाचली, नाक मुरडलं, मग वर बघितलं.

"हे होय. मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे?"

"माप घेताना विचारलं होतं त्यांनी. 'लेकीच्या समोरचं पान तुम्हाला दिलं तर चालेल का?' मला वाटलं, वहीत जागा कमी असेल."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चालेल की." ती माझ्याकडे बघत राहिली. "का गं? काय झालं?"

मी तिला पद्धत सांगितली. ती हळूच खुर्चीत बसली. मग आम्ही दोघी बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो, आणि जे तीन वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावर म्हणायचं राहिलं होतं ते मी मोठ्यानं म्हटलं. "बाबा, उपकार झाले तुमचे."